गाता येत नाही, तरी स्वयंसेवक होता येईल?

प्रश्न : खेड्यातल्या एखाद्या छोट्या संगीत महोत्सवात स्वयंसेवक व्हावं, असं फार मनात आहे. पण मला ना गाता येतं, ना वाजवता. माझा काय उपयोग? आणि काम केलं की कार्यक्रम फुकट ऐकायला मिळतो का?
– एक विद्यार्थिनी, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : निर्धास्त राहा. हात कमी पडतात ते पाणी, पंगत आणि झाडलोट सांभाळायला. फुकट ऐकण्याच्या आशेने मात्र जाऊ नका. भजन रंगात येतं तेव्हा नेमकी तुमची वाढण्याची पाळी असते.

अमरावतीच्या रस्त्यावर, तिवसा तालुक्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज मोझरी आश्रम आहे. महाराजांचं ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निधन झालं. दर वर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तिथे त्यांचा पुण्यतिथी महोत्सव भरतो, खंजिरी भजनं होतात. सुरुवात तिथूनच करा, असं मी मनापासून सांगेन. आधी तिथल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाकडे चौकशी करून काम, वेळ आणि मुक्काम ठरवून घ्या. मैत्रिणीला सोबत न्या. टॉर्च आणि पांघरूण हवंच.

एखाद्या खासगी महोत्सवाने स्वयंसेवकांकडून अनामत रक्कम मागितली, तर ती परत कधी मिळणार हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.