गोधूमाची गुणसूत्रे आणि खपलीविषयीचा गैरसमज

चरकसंहितेतील शूकधान्यवर्गात गोधूमाचे गुण सांगून नान्दीमुखी व मधूली यांचा पृथक् निर्देश केला आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्र गव्हाचे भेद गुणसूत्रांच्या संख्येवरून करते. ही दोन वर्गीकरणे परस्परांशी जुळवण्याचा आमचा हेतू नाही. तथापि दुसऱ्याचे ज्ञान पथ्यविचारात उपयुक्त ठरते.

गव्हाच्या गटात गुणसूत्रांचा मूळ संच 7 चा असतो. जपानी शास्त्रज्ञ साकामुरा यांनी 1918 साली दाखवून दिले की, निरनिराळ्या गव्हांत ही संख्या 14, 28 अथवा 42 असते. दोन रानगवतांच्या संकरातून 'ए' व 'बी' हे संच एकत्र आले आणि 28 गुणसूत्रांचा गहू निर्माण झाला. आपली खपली व बन्सी या गटातील होत. पुढे पश्चिम आशियात त्याच्याशी आणखी एका रानगवताचा संकर होऊन 'डी' संच मिळाला व 42 गुणसूत्रांचा, आज सर्वत्र पिकणारा गहू उत्पन्न झाला.

तिन्ही संच परस्परसदृश असूनही बीजपेशी तयार होताना प्रत्येक गुणसूत्र आपल्याच संचातील जोडीदाराशी जुळते व 21 जोड्या बनतात. ही शिस्त '5बी' गुणसूत्रावरील एका घटकामुळे राहते, हे 1958 मध्ये स्पष्ट झाले. खपली व साध्या गव्हाच्या संकरात मात्र 35 गुणसूत्रे येतात. त्यांपैकी 14 जोड्या जुळतात आणि 'डी' संचातील 7 एकाकी राहतात. अशा संकराची प्रजननक्षमता त्यामुळे घटते.

आता चिकित्सेकडे वळू. सीलिॲक विकारात आतड्यास अपाय करणाऱ्या ग्लुटेनमधील एक प्रबळ अंश 'डी' संचातून येतो. खपलीत हा संच नाही, म्हणून ती या रुग्णांना चालते, असा समज रूढ होत आहे. तो घातक आहे. 'ए' व 'बी' संचांतूनही ग्लुटेन तयार होते आणि त्यातही अपायकारक अंश असतात. सीलिॲक रुग्णास खपली, बन्सी व साधा गहू हे तिन्ही, तसेच यवही, सर्वथा वर्ज्य होत.

दीर्घकालीन अतिसार, पांडुता, बालकांतील खुंटलेली वाढ ही लक्षणे ग्रहणीदोषाची समजून गहू तत्काळ बंद करण्यापूर्वी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी अवश्य करून घ्यावी. गहू आधीच सोडलेला असल्यास तपासणी फसवी ठरू शकते आणि निदान निसटते.