समांतर गणन आणि वेळेचा अंदाज

अमरकंटकास उगम पावलेली नर्मदा मंडल्यावरून बरगीच्या धरणात येते व तेथून जबलपूरकडे वाहते. वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली असता धरणात किती पाणी येईल, हे गणिताने काढता येते. परंतु पाणी येऊन गेल्यावर हाती आलेले उत्तर कितीही अचूक असले तरी निरुपयोगीच होय. म्हणून अशा गणनात उत्तराइतकेच महत्त्व वेळेला असते.

वेळ वाचविण्याचा एक मार्ग म्हणजे काम अनेक प्रक्रियकांत वाटून देणे. यालाच समांतर गणन म्हणतात. त्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत सर्व प्रक्रियक एकाच सामाईक स्मृतीतून आकडे घेतात व तेथेच लिहितात. दुसरीत प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र असते. दुसऱ्याजवळचा आकडा हवा असल्यास तो संदेशाने मागवावा लागतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक दुसऱ्या प्रकारचा होता. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक योजिले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे असल्याने तो चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शकत असे.

प्रक्रियक दुप्पट केले म्हणजे वेळ निम्मा होतो काय? जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली याची एक मर्यादा दाखवून दिली. कामाचा विसावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर प्रक्रियक कितीही वाढविले तरी वेग वीसपटीपलीकडे जात नाही. दुसरी अडचण परस्परांतील देवाणघेवाणीची. तिचा हिशेब मांडण्यासाठी लेस्ली व्हॅलियंट यांनी १९९० साली एक प्रतिमान सुचविले. त्यात काम टप्प्याटप्प्याने चालते. प्रत्येक टप्प्याचा वेळ म्हणजे तीन वेळांची बेरीज: सर्वांत मागे राहणाऱ्याचे गणन, आकड्यांची देवाणघेवाण आणि सर्वांनी एकमेकांसाठी थांबणे.

एक उदाहरण घेऊ. समजा, नर्मदेच्या वरच्या खोऱ्याच्या नकाशावर १२०० × १२०० बिंदूंचे चौकोनी जाळे टाकले. एकूण बिंदू १४,४०,००० झाले. एका बिंदूच्या गणनास १ मात्रा वेळ लागतो असे मानू. एक आकडा शेजाऱ्याकडे पोहोचविण्यास ४ मात्रा व टप्प्याअखेर थांबण्यास १,००० मात्रा धरू. प्रत्येक प्रक्रियकास एक चौकोन दिला, तर त्याला फक्त चार कडांवरील आकडे शेजाऱ्यांस कळवावे लागतात.

१६ प्रक्रियक असता प्रत्येकाकडे ३०० × ३०० बिंदू येतात. गणन ९०,०००, देवाणघेवाण ४,८०० व थांबणे १,०००. एकूण ९५,८०० मात्रा. वेग सुमारे १५ पट झाला.

१४४ प्रक्रियक असता चौकोन १०० × १०० चा होतो. १०,००० + १,६०० + १,००० म्हणजे १२,६०० मात्रा. वेग सुमारे ११४ पट.

१४,४०० प्रक्रियक घेतले तर चौकोन केवळ १० × १० चा. १०० + १६० + १,००० म्हणजे १,२६० मात्रा. वेग सुमारे १,१४३ पट.

शेवटच्या दोन ओळी ताडून पाहाव्यात. यंत्रे शंभरपट वाढली, वेग मात्र दहापटच वाढला. कारण उघड आहे. चौकोनाची बाजू दशांश केली की क्षेत्रफळ, म्हणजे गणन, शतांश होते. परिमिती, म्हणजे देवाणघेवाण, दशांशच होते. आणि थांबण्याचा वेळ तर मुळीच घटत नाही. प्रत्यक्षात प्रक्रियकांच्या संख्येबरोबर तो बहुधा वाढतोच.

यावरून दिसून येईल की, यंत्रांवर द्रव्य खर्चण्यापूर्वी कागदावर केलेला हा हिशेब फार मोलाचा आहे. वेळेत उत्तर मिळण्यास किती प्रक्रियक पुरतील आणि कोठून पुढे ते वाढविणे व्यर्थ, हे तो आधीच सांगतो.

अभ्यास: ३६ प्रक्रियक घेतल्यास एका टप्प्यास किती मात्रा लागतील? त्याच ३६ जणांना चौकोनांऐवजी जाळ्याच्या पूर्ण रुंदीचे आडवे पट्टे दिल्यास देवाणघेवाण वाढेल की घटेल? कारण सांगा.