फुले भरपूर, काकडी एकही नाही

प्रश्न : तमिळनाडूतल्या ओरत्तनाडूत परसातल्या काकडीच्या वेलाची फुले गळून पडतात. उपाय काय?

उत्तर : वेलावर आधी नरफुले येतात, ती गळणारच. मादीफुलामागे इवलीशी काकडी दिसते. तीही पिवळी पडून गळत असेल, तर बहुधा परागीभवन होत नाही. सकाळी ताजे नरफूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातले पुंकेसर मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. फुलोऱ्यात कीटकनाशक नकोच, मधमाश्या मरतात.

तुमचे गाव कावेरीच्या सुपीक प्रदेशातले. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि पानांवर केवडा रोग बळावतो. म्हणून बी जानेवारीत टोकावे, वेल मांडवावर चढवावा.

उन्हाळ्यात पाण्यात खंड नको, काकडी कडू होते.