गावाचा फळा

विद्यार्थीमित्रांनो, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर एक फळा असतो. तो तुम्ही पाहिला असेल. येताजाता आपली नजर त्यावरून जाते, पण थांबून वाचणारे थोडेच असतात. आज आपण तो फळा वाचायला शिकू. त्यासाठी वेरूळला जाऊ या.

वेरूळ हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलदाबाद तालुक्यातले एक गाव. गाव लहान, पण कीर्ती मोठी. येथे ३४ लेणी आहेत : १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. सोळावे लेणे म्हणजे कैलास मंदिर. ते आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले. १९८३ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली. गावात घृष्णेश्वराचे मंदिर आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले याच गावचे.

पंधराव्या लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. राजाची हकिकत अशी दगडावर कोरली जाई. सामान्य लोकांना मात्र खबर मिळे ती दवंडीने. दवंडीवाला गल्लोगल्ली वाद्य वाजवत फिरे आणि मोठ्याने हुकूम सांगे. दवंडी घरात बसूनही ऐकू येई. फळा मात्र जवळ जाऊन वाचावा लागतो.

वेरूळसारख्या गावात वर्षभर काही ना काही चालू असते. महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गर्दी लोटते. सुमारे ४ किलोमीटरवरील खुलदाबादला हजरत जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबी-उल-अव्वल महिन्यात भरतो. लेणी दर मंगळवारी बंद असतात, म्हणून त्या दिवशी पाहुणे आणू नयेत, हे गावातील मुलांनाही ठाऊक असते.

आता एक गंमत पाहा. महाशिवरात्र माघ महिन्यात येते. मराठी पंचांगात मधूनमधून अधिक मास धरतात, म्हणून हा सण दरवर्षी साधारण थंडी संपताना येतो. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून उरूस कधी पावसाळ्यात, तर कधी उन्हाळ्यात येतो. सरकारी कामे मात्र इंग्रजी तारखेने चालतात. एकाच परिसरात तीन कॅलेंडरे! म्हणून सूचना वाचताना पहिला प्रश्न विचारावा : तारीख कोणती?

आता कोणत्याही गावात लागते तशी एक सूचना वाचा.

सूचना
सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, दि. १५ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोर ग्रामसभा होईल.
विषय : १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २. पाणीपुरवठ्याच्या खर्चास मंजुरी देणे. ३. घरकुलासाठी लाभार्थी निवडणे.
तरी सर्वांनी वेळेवर हजर राहावे.
सरपंच

ही साधी सूचना नाही. नळ कोणत्या गल्लीत येणार आणि घरकुल कोणाला मिळणार, हे या सभेत ठरते. गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांचीही सभा घ्यावी लागते. सभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल तितके लोक हजर लागतात. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा मात्र ही अट नसते. मग मूठभर माणसे साऱ्या गावासाठी निर्णय घेऊ शकतात.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या फळ्यावर शिधापत्रिकेचे अर्ज भरून देण्याची सूचना लागली होती. अब्बा रोज त्या फळ्यासमोरून कामावर जात. त्यांना उर्दू छान वाचता येई, मराठी येत नसे. मुदत संपल्यावर त्यांना कळले. मग तालुक्याला दोन खेपा झाल्या आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. मला मराठी वाचता येत होते, पण मीही फळ्याकडे पाहिले नव्हते. त्या दिवसापासून शाळेतून येताना मी फळा वाचू लागले. रात्री जेवताना अब्बा विचारत, "बेटा, आज काय खबर?" पुढे शेजारच्या खालाही विचारायला येऊ लागल्या.

फळ्याची भाषा अवघड वाटते का? घाबरू नका. तारीख, अर्ज, मुदत, हजर, मंजूर, खर्च, रक्कम, वसूल हे शब्द तुम्ही घरी ऐकताच. मराठीनेही ते आपलेसे केले आहेत. कधी अर्थ थोडा बदलतो, एवढे लक्षात ठेवा. उर्दूत 'जाहिर' म्हणजे उघड असलेले; मराठीत 'जाहीर करणे' म्हणजे सर्वांना कळवणे.

मित्रांनो, फळ्यावर लिहिले म्हणजे गावाला कळले असे नाही. कोणीतरी ते वाचून घरी सांगावे लागते. तुमच्या घरात ते काम तुम्ही कराल ना?

शब्दार्थ
शिलालेख – दगडावर कोरलेला मजकूर
दवंडी – वाद्य वाजवून मोठ्याने दिलेली सूचना
इतिवृत्त – सभेत काय घडले याची लेखी नोंद
तहकूब होणे – काम पुढे ढकलले जाणे
शिधापत्रिका – रेशन कार्ड

स्वाध्याय
१. उरूस दरवर्षी एकाच ऋतूत का येत नाही?
२. सभा तहकूब झाल्यास गावाचे नुकसान कसे होऊ शकते?
३. अब्बांची मजुरी का बुडाली? ती कशी वाचली असती?
४. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील फळ्यावरची एक सूचना उतरवून आणा. ती घरी कोणाला वाचून दाखवली, ते दोन वाक्यांत लिहा.