उष्णता संस्करण आणि अगंज पोलाद

मल्हारगंजातील एखाद्या स्वयंपाकघरात स्टीलचे रिकामे पातेले चुकून पेटत्या गॅसवर राहिले, तर त्याच्या बुडाला आधी पिवळसर व मग निळसर झाक येते. हा नुसता डाग नव्हे. भांड्याचे रक्षण करणारा थर उष्णतेने बदलल्याची ती खूण होय.

स्टेनलेस स्टील, म्हणजेच अगंज पोलाद, गंजत नाही ते त्यातील क्रोमियममुळे. क्रोमियमचे प्रमाण सुमारे १०.५ टक्क्यांहून अधिक असले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो. कारखान्यात नायट्रिक आम्लाने पृष्ठभागावरील लोखंडाचे कण काढून हा थर अधिक भक्कम करतात. या क्रियेला पॅसिव्हेशन म्हणतात.

३०४ या प्रचलित जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल व अल्प कार्बन असतो. हे पोलाद ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या टप्प्यात रेंगाळले, तर कणसीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते. परिणामी लगतच्या अरुंद पट्ट्यात क्रोमियम कमी पडते, थर दुबळा होतो आणि गंज कणसीमांवरून आत शिरतो. वेल्डिंगच्या सांध्याशेजारी हा धोका विशेष असतो. येथे पुन्हा पॅसिव्हेशन करून भागत नाही, कारण उणीव खुद्द धातूत असते. उलट नायट्रिक आम्लच त्या कणसीमांना खाऊ शकते.

उपाय पुन्हा उष्णतेचाच! पोलाद सुमारे १०५० अंशांपर्यंत तापवून पाण्यात झटपट थंड केले, की कार्बाइड विरघळते व क्रोमियम सर्वत्र समान पसरते. त्यानंतर पृष्ठभागावरील पापुद्रा आम्लाने काढून पॅसिव्हेशन करावे. मोठी टाकी भट्टीत मावत नाही. तिच्यासाठी कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असलेली ३०४ एल किंवा टायटॅनियमयुक्त ३२१ जात निवडणे श्रेयस्कर. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात वेल्डिंगपूर्वी पृष्ठभागावर लेसरचा संस्कार करून हा दोष टाळण्यावर संशोधन झाले आहे.

तात्पर्य, पोलादाची चकाकी पाहून त्याची पारख करू नये. ते किती अंशांवर किती वेळ राहिले आणि कसे थंड झाले, हे आधी विचारावे.