हिवाळ्यात बदकांचे खुराडे

निफाड तालुक्यात ज्यांचे हिवाळे गेले आहेत त्यांच्यापुढे थंडीचे वर्णन करण्याचे प्रयोजन नाही. पौषातील एखाद्या रात्री येथे पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो, द्राक्षबागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करतात, आणि अशा वेळी परसात बदके पाळणाऱ्या गृहस्थाला त्या मुक्या जिवांचा घोर लागून राहावा हे स्वाभाविकच होय. याच काळजीपोटी एका हिवाळ्यात आमच्या घरच्या मंडळींनी, कोंबड्या पाळण्यात हयात गेलेल्या एका वडीलधाऱ्या शेजाऱ्यांच्या सल्ल्यावरून, खुराड्याचे झरोके गोणपाटांनी बुजविले, दाराच्या फटी चिंध्यांनी बंद केल्या आणि आत गवताचे जाड अंथरूण घातले.

काही दिवसांनी सकाळी दार उघडताच आतून जो उग्र दर्प आला त्याने डोळ्यांना पाणी आले. पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंबांच्या ओळीच्या ओळी लोंबत होत्या, त्यांतील एकेक सुटून खालच्या बदकांच्या पाठीवर पडत होता. छातीची पिसे चिकटून पिवळट झाली होती, आणि एक बदकी चोच उघडी टाकून, मान लांब करून, प्रत्येक श्वासाला शेपटी हलवीत उभी होती. ती आणि तिच्या मागोमाग आणखी एक दगावली. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी शवविच्छेदन करून फुप्फुसांतील पांढरट-पिवळ्या गाठी आम्हांस दाखविल्या. त्या बुरशीच्या होत्या. गवत ओलावून त्यावर बुरशी चढली होती आणि कोंदट हवेतून तिचे कण श्वासावाटे आत गेले होते. थंडीने त्यांतील एकही जीव गेला नव्हता.

हे लक्षात येण्यास फार दूर जाण्याची गरज नव्हती. आमच्याच तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर, ज्याला रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले आहे, थापट्या, तलवार बदक यांसारखे पाहुणे पक्षी उत्तरेकडून येऊन तोच हिवाळा उघड्या पाण्यावर आनंदाने काढीत असतात. आपली बहुतेक पाळीव बदके रानटी मॅलार्डच्याच वंशातील असून त्यांच्या अंगावर मऊ लव, त्यावर घट्ट गुंतलेली पिसे आणि शेपटीच्या मुळाशी पिसांना चोपडण्यासाठी तेलाची ग्रंथी, अशी निसर्गाने केलेली पुरती तजवीज असते. पायांतही रक्ताची उष्णता राखणारी व्यवस्था आहे: खाली जाणारे उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देते. ही सारी व्यवस्था कोलमडते ती पिसे चिखलाने व विष्ठेने माखली म्हणजे. आणि बदकांची विष्ठा कोंबड्यांहून कितीतरी पातळ असल्याने, कोंबड्यांचा दाखला बदकांना लावणे धोक्याचे ठरते.

म्हणून ज्यांना या पक्ष्यांची माया आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, खुराड्याचा खालचा भाग, बदक बसल्यावर त्याच्या डोक्याच्याही वर येईल इतक्या उंचीपर्यंत, वाऱ्यापासून पक्का बंद करावा; परंतु छपराच्या लगत समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना वीतभर उंचीची मोकळी पट्टी ठेवून तिला बारीक जाळी मारावी, म्हणजे श्वासाची वाफ वरच्या वर निघून जाते आणि मुंगसालाही शिरकाव मिळत नाही. पत्र्याखाली बांबूची तट्टी बांधली तर थेंब गळत नाहीत. जमीन आजूबाजूच्या अंगणाहून थोडी उंच असावी, प्रत्येक बदकास निदान 3 ते 4 चौरस फूट जागा मिळावी, आणि खाली साळीच्या तुसाचा किंवा कोरड्या भुशाचा चांगला 4 ते 6 इंचांचा थर असावा. रोज सकाळी तो हाताने चाचपून पाहण्याचा शिरस्ता पाडावा: मूठ आवळून सोडल्यावर तूस भुरभुरला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग काढून नवा घालावा. बुरशीची शंका असलेले गवत कितीही मऊ दिसले तरी आत नेऊ नये. तीच खबरदारी खाद्याची. ओलसर मका किंवा शेंगदाण्याची पेंड यांवरील बुरशीचे विष बदकांना इतर पाळीव पक्ष्यांहून अधिक बाधते.

पाणी मात्र तोडू नये. पिसे स्वच्छ राखण्यासाठी बदकाला अंघोळ हवी, आणि निदान चोच नाकपुड्यांसह बुडेल इतके खोल भांडे तरी हवेच. ते खुराड्यापासून दूर, उन्हात, खडीवर ठेवावे. रात्री आत पाणी नसेल तर कोरडे खाद्यही ठेवू नये, कारण घास ओला केल्यावाचून बदकाच्या घशाखाली उतरत नाही. बहुतेक अंडी सकाळी नवाच्या आत पडतात, तोवर दार बंद ठेवले तर अंडीही हाती लागतात आणि बाहेरचे दवही सुकते.

पिल्लांचा न्याय वेगळा आहे. आईवाचून वाढणाऱ्या पिल्लाच्या अंगावर तेलाचे संरक्षण नसते, ते भिजले की गारठून मरते. पहिल्या आठवड्यात त्याला 30 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुरती पिसे येईपर्यंत पोहण्याच्या पाण्यापासून त्याला दूरच ठेवावे. ऊब देण्यास जाळी लावलेला, पक्का टांगलेला दिवा असावा. कोळशाची शेगडी बंद जागेत कदापि ठेवू नये, तिचा विषारी वायू पिल्लांचा व कधी माणसांचाही जीव घेतो. यापेक्षाही सोपा मार्ग म्हणजे वेळच साधणे. खाकी कॅम्पबेल जातीची बदकी सहसा अंडी उबवायला बसत नाही. तेव्हा खुडूक गावठी कोंबडीखाली मावतील तेवढीच अंडी मकरसंक्रांतीच्या सुमारास ठेवावीत. 28 दिवसांनी, फेब्रुवारीच्या मध्यावर, ती फुटतात, आणि तोवर आमच्याकडील थंडीचा जोर ओसरू लागलेला असतो.