तेल-एंजिनाच्या भागांची मापे : दुकानदारासाठी एक पाठ

नंदगडसारख्या बाजारपेठेत एंजिनाच्या भागांसाठी येणारे गिऱ्हाईक बहुधा जळालेले गॅस्केट किंवा तुटलेली रिंग पुढे करून "असेच द्या" म्हणते. असेच म्हणजे कसे, हे मापावाचून सांगता येत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यांच्याच उद्योगातून 1946 साली पुण्यास तेल-एंजिनांचा कारखाना उभा राहिला. तेथील 'टीव्ही-1' हे एका सिलिंडरचे डिझेल एंजिन उदाहरणास घेऊ. सिलिंडरचा व्यास 87.5 मि. मी., स्ट्रोक 110 मि. मी. म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे 60.1 चौ. सें. मी.; त्यास 11 ने गुणिले असता 661 घ. सें. मी. ही पिस्टनने व्यापिलेली जागा निघते. दाबाचे प्रमाण 17.5 आहे. एकूण जागेचे साडेसतरा वाटे कल्पिले, तर साडेसोळा वाटे पिस्टन व्यापतो व एक वाटा माथ्यावर उरतो. तो अवघा 40 घ. सें. मी. भरतो. व्याजाची आकडेमोड तोंडी करणाऱ्या आपल्या मंडळींस हे गणित जड जाऊ नये.

आता गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड दिले, तर माथ्यावरची जागा सुमारे 3 घ. सें. मी. ने वाढते आणि प्रमाण 16.3 च्या आसपास उतरते. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच तेल पेटावयाचे. तेव्हा पौषातल्या थंड पहाटे एंजिन सुरू होण्यास कुरकुरते, मालक नोझलला दोष देतो आणि नवे नोझल विकत नेतो. अशी विक्री मला तरी नफ्याची वाटत नाही. उलट फार पातळ गॅस्केट दिले, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळण्याचे भय असते.

जोर वाढविण्यासाठी पंपातून अधिक तेल सोडण्याची हौस पुष्कळांस असते. मिनिटास 1500 फेऱ्यांत हे एंजिन 750 वेळा हवा ओढते. ती फार तर 496 लिटर, व्यवहारात त्याहून कमीच. एक भार डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा भार हवा हवी. हवा तितकीच ठेवून तेल वाढविले, तर काळा धूर येतो, काजळीने रिंगा खाचेत अडकतात आणि जोर होता त्याहूनही घटतो. म्हणून पंपास हात लावण्यापूर्वी हवेची जाळी व व्हॉल्व्हची फट तपासावी. रिंग देतानाही ती लायनरच्या झिजलेल्या जागी बसवून तोंडाची फट मोजावी. फट फार निघाली, तर गिऱ्हाइकास लायनर बदलावयास सांगावे.